सहा नंबरचे रडके चेहरे

इस्पितळात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर अर्थातच ‘साहेब’, पण साहेब व्हरांड्याच्या वळणावर दिसेनासे झाले, की मोजपट्टी. त्याला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून जरासं आवडतही होतं. तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख होता. विभागात तो, एक संगणक आणि खिडकीत वाळत चाललेली एक कुंडी, एवढीच मंडळी होती.

हा विभाग जन्माला आला तो खर्चामुळे. वाढत्या पोराची पँट जशी दर वर्षी आखूड पडते, तसे इस्पितळाला दर वर्षी पैसे कमी पडत. शेवटी खर्चाला लगाम घालायला एक समिती बसली. तिचे अध्यक्ष म्हणजे खर्चवाले साहेब. कागदाच्या पाठीवरही लिहिणारे आणि पेन्सिल बोटांतून निसटेपर्यंत वापरणारे. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी सांगितल्या. खर्च वाढता कामा नये आणि दर्जा घसरता कामा नये. शिवाय दर्जा घसरला नाही, हे त्यांना आकड्यांत बघायचं होतं. आकड्यांत दाखवायला माणूस हवा, म्हणून मोजपट्टी.

मोजपट्टीनं मग फॉर्म काढला. ‘आमच्या वॉर्डातली सेवा कशी वाटली?’ असा एकच प्रश्न आणि खाली पाच चेहरे. पहिला खदखदून हसणारा, शेवटचा ढसाढसा रडणारा, मधले तीन मधल्यामध्ये. चेहरे त्यानं स्वतः काढले होते. तीन रविवार त्यात गेले. रडक्या चेहऱ्याच्या गालावरचा थेंब तर त्यानं अकरा वेळा खोडून पुन्हा काढला होता. या फॉर्मबद्दल त्याला एक प्रशस्तिपत्रक मिळालं होतं आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या दिसेल असं त्यानं भिंतीवर लावलं होतं.

तीन महिन्यांचे फॉर्म जमले आणि निकाल लागला. इस्पितळात हाडांचे दोन वॉर्ड होते. तीन नंबरात ऑपरेशन झालं की सातव्या दिवशी माणूस घरी. खर्च कमी, आणि चेहरे बघावेत तर सगळे हसरे. सहा नंबरात माणसं बारा-बारा, चौदा-चौदा दिवस राहत. खर्च जास्त, आणि चेहरे ओळीनं रडके. आता यात डोकं लावायचं ते काय? शुक्रवारच्या बैठकीत सहा नंबर बंद करायचा, त्याच्या बारा खाटा तीन नंबरात घुसवायच्या आणि तिथल्या सिस्टरला चादरी मोजायला भांडारात पाठवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. मोजपट्टीचा अहवाल तेवढा पुढे ठेवायचा होता.

पंचाईत एकच होती. सहा नंबरात, खिडकीजवळच्या खाटेवर, मोजपट्टीची आत्या होती.

आई-वडील लवकर गेल्यावर या आत्यानंच त्याला वाढवलं होतं, शिवणयंत्राच्या आवाजात. ती शिवणकाम करायची, अजूनही करत होती. खाली दुकान, वर राहायची खोली, मध्ये अरुंद जिना. वरच्या फळीवरचं कापडाचं ठाण काढायला ती स्टुलावर चढली आणि ठाणासकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि जागा होती म्हणून ती सहा नंबरात आली. “वशिला लावून तीन नंबरात हलवतो,” असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, तर आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो विषय परत काढला नाही.

रोज दुपारी चार वाजता तो तिला भेटायला जाई. अर्धा भाचा आणि अर्धा तपासनीस. एका हातात मोसंबी, दुसऱ्या हातात वही. वॉर्डात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सिस्टरनं एक पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूनं दोन आकडे लिहिलेले असत. कुठे चार आणि नऊ, कुठे शून्य आणि तीन. ‘खाटांना अनधिकृत पाट्या’ म्हणून त्यानं सहा नंबरचे दोन गुण कापले होते. आकडे कशाचे, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्याच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

त्या मंगळवारी फॉर्मची पेटी घेऊन तो स्वतःच गेला. बैठक तीन दिवसांवर आली होती, आणि आपल्या आत्याच्या वॉर्डावर कुऱ्हाड चालवायची तर निदान आकडे तरी आपल्या हातांनी गोळा करावेत, असं त्याला वाटलं. दाराबाहेरच तो थबकला. आतून हसण्याचे फवारे येत होते. त्यानं दाराच्या काचेतून बघितलं. सगळे ज्यांना ड्रायव्हरकाका म्हणत ते निवृत्त बसचालक चालायची चौकट स्टिअरिंगसारखी धरून मधल्या वाटेनं निघाले होते. तोंडानं भोंगा वाजवत होते. सिस्टर, पन्नाशीची, ठेंगणी, कमरेवर हात ठेवून, त्यांना म्हणत होती, “काका, वळणावर वेग कमी. नाहीतर लायसन काढून घेईन.” आत्या तर डोळे पुसत हसत होती.

मोजपट्टीनं दार उघडलं. पेटी दिसली मात्र, वॉर्डाचा नूरच पालटला. ड्रायव्हरकाका जागच्या जागी “आई गं” म्हणून खाटेवर टेकले. कोपऱ्यातल्या आजींनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. कुणी कण्हायला लागलं, कुणी छताकडे बघत सुस्कारे सोडायला लागलं. फॉर्म वाटले गेले आणि बाराच्या बारा पेन्सिली सरळ शेवटच्या चेहऱ्यावर गेल्या. आत्यानं खूण तर केलीच, वर त्या चेहऱ्याच्या दुसऱ्या गालावर आणखी एक थेंब काढला.

त्यानं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

“आत्या, हे काय?”

“काय काय?”

“हा रडका चेहरा! सिस्टर वाईट वागते का तुमच्याशी? दुर्लक्ष करते? मला खरं सांग.”

“तिच्याबद्दल वाकडा शब्द काढलास तर या वयातही कान पिळीन,” आत्या म्हणाली. “असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही.”

“मग?”

आत्यानं पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, ही या वॉर्डाची रीत आहे. मी आले त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला सगळं समजावून दिलं. दिव्याचं बटण कुठलं, कुठल्या नर्सचं इंजेक्शन दुखत नाही, आणि तुझ्या त्या कागदावर हसायचं नाही. त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंनी सांगितलं होतं. सुरुवातीला म्हणे एका आजोबांनी हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांना घरी पाठवलं! हसला म्हणजे बरा झाला, उचला आणि खाट रिकामी करा. तेव्हापासून कुणी हसत नाही.”

मोजपट्टी कपाळाला हात लावून तिच्या पायाशी बसला. “अगं, त्यांचे दिवस भरले असतील! तो कागद डॉक्टरांकडे जातच नाही. तो माझ्याकडे येतो. फक्त माझ्याकडे!”

“हे त्यावर लिहिलंय का कुठे?”

लिहिलेलं नव्हतं.

“आणि तुला घरी जायची घाई कशी नाही?” त्यानं विचारलं. “इथं काय ठेवलंय?”

आत्यानं खाटेच्या पायथ्याच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर अकरा आणि सतरा असे आकडे होते. “माझ्या जिन्याला पायऱ्या किती?”

त्या जिन्यावरून तो पंधरा वर्षं धावत चढला-उतरला होता. इस्पितळातल्या कापसाच्या बोळ्यांचाही त्याच्याकडे हिशेब होता, पण त्या पायऱ्या त्यानं कधी मोजल्या नव्हत्या.

“सतरा,” आत्या म्हणाली. “मी सध्या अकरा चढते. अकराव्या पायरीवर पाय लटपटतो आणि श्वास अडकतो. सिस्टर रोज मागच्या जिन्यावर नेते. अजून सहा राहिल्यात, आणि परवा माझे चौदा दिवस भरतात.”

“मग माझ्याकडे ये की राहायला. लिफ्ट आहे.”

“लिफ्ट आहे, पण मशीन नाही,” ती म्हणाली. मग नेहमीचा ठसका नसलेल्या आवाजात म्हणाली, “एकदा तुझ्याकडे आले ना, की मी परत त्या जिन्यावर चढायची नाही. मला माहीत आहे. तू चांगला आहेस, म्हणूनच भीती वाटते. बसवून ठेवशील.”

आता सांगावंच लागणार होतं. शुक्रवारी काय होणार आहे, आणि कशामुळे, हे त्यानं सांगून टाकलं. रडक्या चेहऱ्यांमुळे हा वॉर्ड बंद होणार, सिस्टर चादरी मोजणार.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शहाण्या, तुला माप घेता येत नाही.”

“म्हणजे?”

“गिऱ्हाईक समोर उभं राहिलं आणि टेप दिसली की पहिलं काय करतं? पोट आत घेतं. छाती फुगवतं, श्वास रोखतं. ते माप धरून शर्ट शिवला तर घरी जाऊन जेवायला बसताना बटण उडतं, आणि नाव शिंप्याचं खराब. मी काय करते? टेप गळ्यात तशीच राहू देते आणि विचारते, मुलगी कशी आहे, घराचं काम झालं का. बोलायला लागलं की पोट सुटतं. मग घेते माप. तू बारा माणसांपुढे पेटी आदळलीस. सगळ्यांनी पोट आत घेतलं.”

एवढं बोलून तिनं त्याला हाकलून दिलं. तिला म्हणे काम होतं.

काम काय होतं, ते बुधवारी दुपारी कळलं. सिस्टर फॉर्मचा गठ्ठा घेऊन त्याच्या खोलीत आली आणि तो टेबलावर ठेवून उभी राहिली. सगळे चेहरे हसरे. ड्रायव्हरकाकांनी आपल्या चेहऱ्याला वर मिशाही काढल्या होत्या.

“साहेब, यातला एक पेशंट सकाळी ऑपरेशनमधून आलाय,” सिस्टर म्हणाली. “तो अजून शुद्धीवर नाही, आणि तोही हसतोय. तुमच्या आत्यांनी सगळ्यांना काय सांगितलं ते मला कळलंय. मला माझा वॉर्ड हवाय, साहेब. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण असा नको. हे उद्या उघडं पडलं तर माझ्या खऱ्या कामावरही कुणी विश्वास ठेवायचं नाही.”

मोजपट्टीसमोर आता तीन महिन्यांचं खोटं रडं होतं आणि एका दिवसाचं खोटं हसू. भिंतीवर प्रशस्तिपत्रक होतंच. त्यानं सिस्टरला खुर्ची दिली.

“त्या पाट्या,” तो म्हणाला. “मी दोन गुण कापले होते त्या. त्यांचं जरा सांगा.”

“त्यात काय सांगायचं? माणूस आलं की मी एकच विचारते, घरी किती पायऱ्या. तो उजवीकडचा आकडा. आज किती चढला, तो डावीकडचा. दोन्ही सारखे झाले की डॉक्टरांना सांगते, आता सोडा. कुणाला तीनच पायऱ्या असतात, ते आठव्या दिवशी जातं. कुणाला चौदा दिवस पुरत नाहीत. मग डॉक्टरांच्या मागे लागून दोन-चार दिवस वाढवून घ्यावे लागतात.” ती उठली. “माझ्याकडे संगणक नाही, साहेब. खडू आहे.”

सिस्टर गेल्यावर त्यानं दोन्ही वॉर्डांतून घरी गेलेल्यांच्या याद्या काढल्या आणि फोन जवळ ओढला. पहिल्याच फोनला तो म्हणाला, “मी इस्पितळाच्या गुणवत्ता विभागातून बोलतोय,” आणि पलीकडचा माणूस घाईघाईनं म्हणाला, “सगळं छान होतं, साहेब, काही तक्रार नाही.” आत घेतलेलं पोट मोजपट्टीला फोनवरून दिसलं. दुसऱ्या फोनपासून त्यानं आपली टेप गळ्यातच राहू दिली. आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगायचं आणि लगेच विचारायचं, “कसं काय? आज दुपारी कुठे होतात?” आणि मग ऐकायचं.

दोन दिवस त्याचा कान गरम झाला. सहा नंबरची रडकी माणसं कुठे कुठे होती म्हणून सांगावं! एक बाई बाजारात होती, एक शेजारणीशी भांडायला तिच्या दारात गेली होती, एक चक्क गच्चीवर होती. एका आजोबांनी तर, ‘कामात आहे, नंतर करा’ म्हणून फोनच आपटला. आणि तीन नंबरची हसरी माणसं बहुतेक घरातच होती. चार जण परत पडले होते आणि दुसऱ्याच कुठल्या तरी इस्पितळात होते, म्हणून ती खबर इथं कुणाला लागलीच नव्हती.

एक आजी म्हणाल्या, “कुठे असणार? खिडकीत.”

“आणि काल?”

“खिडकीतच. घरी आल्यापासून खिडकीतच आहे, बाबा. दाराबाहेर सहा पायऱ्या आहेत ना.”

“आजी, तुम्ही फॉर्मवर कुठला चेहरा…”

“हसरा. पहिला. पिशवी भरून झाली होती, मुलगा खाली गाडीत थांबला होता. घरी जायचं म्हटल्यावर कुणाला हसू येणार नाही?”

मोजपट्टीनं फोन ठेवला. त्या आजींचा फॉर्म त्यानं अहवालात मोठ्या अभिमानानं मोजला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी खर्चवाल्या साहेबांनी पेन्सिलीचा तुकडा हातात घेतला आणि विचारलं, “हं, सहा नंबरचा आकडा किती?”

“आकडा आहे, साहेब, पण तो चुकीचा आहे,” मोजपट्टी म्हणाला. “आणि चूक सिस्टरची नाही, माझी आहे.” मग त्यानं सगळं सांगितलं. आजोबांचं हसणं, वॉर्डाची रीत, बुधवारच्या मिशा, आत्यानं केलेलं पोटाचं निदान, खडूच्या पाट्या आणि खिडकीतल्या आजी. ही आत्या आपलीच आहे आणि त्याच वॉर्डात आहे, हेही सांगितलं, म्हणजे मागाहून कुणी कुजबुजायला नको. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. समितीतले दोघे-तिघे तोंडावर हात ठेवून हसत होते. खर्चवाले साहेब हसत नव्हते.

“म्हणजे तीन नंबरात आपण वाचवले, ते दुसऱ्या इस्पितळानं खर्च केले,” ते म्हणाले.

“हो. आणि त्या चौघांचं दुखणं ते वेगळंच.”

साहेबांनी कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. “सहा नंबरला सहा महिने देतो. तोवर तीन नंबरातही पाट्या लावा. तुम्ही सगळ्या वॉर्डांतून घरी गेलेल्यांना फोन करा, दर महिन्याला.” मग चष्म्यावरून बघून त्यांनी विचारलं, “आणि तो चेहऱ्यांचा फॉर्म छापायला किती येतो?”

“बराच येतो, साहेब.”

“बंद करा.”

तीन रविवारांचं काम एका शब्दात गेलं. मोजपट्टीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोलीत आल्यावर त्यानं प्रशस्तिपत्रक स्वतःच खाली उतरवलं.

आत्याला डॉक्टरांनी चार दिवस वाढवून दिले होते. तेही भाच्याच्या नाही, सिस्टरच्या शब्दावर. सोमवारी पाटीवर सतरा आणि सतरा असे आकडे आले, तेव्हा ड्रायव्हरकाकांनी भोंगा वाजवला. मंगळवारी दुपारी मोजपट्टी तिला घरी घेऊन आला.

इस्पितळाचा जिना रुंद होता, उजेडाचा होता, दोन्ही बाजूंना कठडे होते. आत्याचा जिना अरुंद आणि अंधारा. कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. तिनं काठी घेतली, कठडा धरला आणि पाय उचलला. तो मागे दोन्ही हात पसरून, तिला न शिवता, एकेक पायरी चढू लागला.

“एक,” तो म्हणाला. “दोन. तीन.”

आठपर्यंत ती झपाझप गेली. दहाव्या पायरीला काठी थरथरली. अकराव्या पायरीवर ती थांबली. खांदे वर गेलेले, मान ताठ. तिनं श्वास रोखून धरला होता.

“अजून सहाच…”

“मोजू नकोस,” ती दातांवर दात दाबून म्हणाली. “बोल काहीतरी.”

आता बोलायचं तरी काय? इतक्या दिवसांत तो रोज तिच्याकडे जात होता, पण ताप किती, झोप किती तास, यापलीकडे त्यानं काही विचारलं नव्हतं. मग एकदम, कुठून कोण जाणे, त्याच्या तोंडून निघालं, “आत्या, चौथीत असताना माझ्या नव्या शर्टाचा खिसा फाटला होता. फाटकाच्या खिळ्याला अडकला म्हणून मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मी मारामारी केली होती.”

“ते मला तेव्हाच कळलं होतं,” आत्या म्हणाली आणि तिनं पाय उचलला. “खिळ्यानं कापड कसं फाटतं ते मला शिकवतोस? तो खिसा कुणीतरी मुठीत धरून ओढला होता. कोण होता तो?”

“मागच्या बाकावरचा. जाडा.”

“आणि तू काय केलंस?”

“मी त्याचा खिसा फाडला.”

ती हसली. हसता हसता आणखी दोन पायऱ्या चढली. “तरीच! त्याची आई दुसऱ्या दिवशी शर्ट घेऊन आली होती माझ्याकडे. मी दोन्ही खिसे एकाच दोऱ्यानं शिवले. तुला बोलले का काही?”

“नाही.”

“सांगशील म्हणून वाट बघत होते. लवकर सांगितलंस,” ती म्हणाली आणि दार ढकललं. त्यानं खाली वळून बघितलं. सगळ्या पायऱ्या मागे राहिल्या होत्या आणि मधल्या कधी गेल्या ते त्याला कळलंच नव्हतं.

आत गेल्यावर ती पलंगावर बसेल असं त्याला वाटलं होतं. ती मशीनसमोरच्या खुर्चीत बसली, आच्छादन काढलं, चाकावरून हात फिरवला आणि खुंटीवरची टेप मागितली.

“इकडे ये. बटणं बघ कशी ताणली आहेत. उभा राहा सरळ.”

तो सरळ उभा राहिला. तिनं टेप त्याच्या कमरेभोवती घेतली आणि त्यानं नकळत पोट आत ओढलं. आत्यानं टेप तशीच सैल धरून ठेवली.

“काय रे,” तिनं विचारलं, “आज दुपारी कुठे होतास?”

“इथंच,” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर.”

पोट सुटलं. आत्यानं माप घेतलं.